मोचीची आरी आणि मराठीचे व्याकरण

‘पाचारण’, म्हणजे देवाचे बोलावणे, म्हटले की ख्रिस्ती मंडळीत पहिल्यांदा आठवते ते मोशेचे जळते झुडूप. बायबलमधल्या त्याच निर्गम पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात बसालेल भेटतो, तो मात्र प्रवचनांत क्वचितच येतो. सोने, रुपे, तांबे घडवणारा आणि लाकूड कोरणारा हा कारागीर. ‘त्याला मी माझ्या आत्म्याने भरले आहे’ असे देव स्वतः सांगतो, आणि तेही निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कारागिरीसाठी. हातातले कसब हेही देवाचेच देणे, ही गोष्ट शास्त्राने इतक्या आधी सांगून ठेवली आहे. बंगालमध्ये गेलेला इंग्रज मिशनरी विल्यम केरी याचे आयुष्य वाचताना मला दर वेळी बसालेल आठवतो.

केरीचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात, पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील आधी विणकर, पुढे गावच्या शाळेत मास्तर. मुलाला त्वचेचा विकार होता, ऊन सोसत नसे. शेतावरचे काम जमेना म्हणून त्याला सावलीतल्या धंद्याला, पिडिंग्टनच्या एका मोच्याकडे शिकाऊ म्हणून ठेवले. ज्याला इंग्लंडचे ऊन सोसवत नव्हते, त्याने पुढे आयुष्याची चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढली. याला योगायोग म्हणणे मला जमत नाही.

त्या दुकानात एका भाष्यग्रंथात त्याला ग्रीक अक्षरे दिसली. ती काय आहेत हे कळेना, तेव्हा ती उतरवून तो गावातल्या एका शिकलेल्या विणकराकडे घेऊन गेला. भाषा शिकायची खोड तिथून लागली. पुढे मोल्टनला तो मंडळीचा पाळक (धर्मगुरू) झाला, पण मानधनात घर चालेना, म्हणून शाळा आणि जोडे शिवणे दोन्ही चालू ठेवले. कागद एकमेकांना चिकटवून त्याने हाताने जगाचा नकाशा काढला, भिंतीला लावला, आणि ज्या देशाविषयी जे वाचायला मिळे ते त्या देशावर लिहीत गेला. आकाशातून वाणी वगैरे काही झाली नाही. आरी चालत होती आणि समोर नकाशा होता.

१७९२च्या मे महिन्यात नॉटिंगहॅमला त्याने बायबलमधल्या यशया ५४ मधल्या ‘आपल्या डेऱ्याची जागा वाढव’ या वचनावर संदेश दिला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंगमधल्या एका घरात मिशन सोसायटी स्थापन झाली. त्या बैठकीत कबूल झालेली वर्गणी होती १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स. १७९३च्या नोव्हेंबरात केरी सहकुटुंब कलकत्त्याला उतरला.

पुढची वर्षे सोपी नव्हती, आणि ती झाकू नयेत. मुलगा पीटर १७९४ मध्ये वारला. पत्नी डोरोथी मुळात यायलाच तयार नव्हती. तिचे मन कायमचे बिघडले, आणि १८०७ मध्ये मरेपर्यंत ती सावरली नाही. केरीच्या पाचारणाची किंमत तिनेही भरली, हे त्याच्या चरित्रात ठळकपणे लिहिले जायला हवे.

कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० मध्ये काम बंगालमधल्याच, पण डॅनिश ताब्यातल्या श्रीरामपूरला हलले. तिथे सोबत आले वॉर्ड आणि मार्शमन. वॉर्डचा पेशा छपाईचा, मार्शमन विणकराचा मुलगा आणि शाळामास्तर. टाईप, म्हणजे छपाईचे खिळे, पाडायला पंचानन कर्मकार हा लोहार घराण्यातला कारागीर मिळाला. त्या वर्षाच्या २८ डिसेंबरला हुगळीत बाप्तिस्मा घेणारा कृष्ण पाल सुतार होता. एवढी सगळी हत्यारे एकाच ठिकाणी गोळा झाली.

१८०१ मध्ये केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगालीचा शिक्षक झाला. पुढे संस्कृत आणि मराठीही त्याच्याकडे आल्या. मराठीत त्याचा हात धरला तो कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांनी. १८०५ मध्ये इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण श्रीरामपूरला छापून निघाले. १८१० मध्ये कोश आला, त्यातले मराठी शब्द मोडी टाईपात होते. १८११ मध्ये बायबलचा नवा करार मराठीत आला. हे सगळे करणाऱ्या माणसाने महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवले नव्हते.

साहजिकच ती भाषा आपल्याकडच्या कानांना अडखळणारी होती. मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये छापला गेला. तेव्हा केरी हयात होता, श्रीरामपूरलाच. वय पासष्टीला टेकले होते, आणि आपल्या बंगाली बायबलची छापील पाने पुन्हा पुन्हा तपासत तो बसलेला असे.