भूल आणि यकृताची इजा

संपूर्ण भूल दिल्यानंतर क्वचित यकृताला इजा होते. बहुतेक वेळा रक्तात एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढणारे विकर) थोडे वाढते आणि आपोआप उतरते. फार थोड्या रुग्णांत यकृताच्या पेशी झपाट्याने मरतात, आणि त्यातले बरेच दगावतात.

१८४७ पासून वापरात आलेले क्लोरोफॉर्म हे भुलीचे औषध यकृताला घातक ठरते हे पुढे कळले. १९५६ मध्ये हुंगवून देण्याचे हॅलोथेन हे भुलीचे औषध आले. ते ईथर या जुन्या भुलीच्या औषधासारखे पेट घेत नसल्याने जगभर पसरले. पण १९५८ पासून त्यानंतरच्या यकृतदाहाच्या नोंदी येऊ लागल्या. हॅलोथेनचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात विघटित होतो. त्यातून तयार होणारे ट्रायफ्लुरोअॅसिटिल हे रसायन यकृतातल्या प्रथिनांना चिकटते आणि काहींच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनतात. म्हणून पहिल्या वेळी काहीच न होता दुसऱ्या वेळी आधी ताप व मग कावीळ होऊ शकते. स्थूल व्यक्ती आणि मध्यमवयीन स्त्रियांत धोका अधिक, मुलांत बराच कमी. आयसोफ्लुरेन व डेसफ्लुरेन या नंतरच्या भुलीच्या औषधांचे विघटन अत्यल्प होते. सेव्होफ्लुरेन या आणखी एका औषधापासून ट्रायफ्लुरोअॅसिटिल बनतच नाही.

१८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले तेव्हापासून मिरजेला सांगली जिल्ह्याबरोबरच कोल्हापूर, सोलापूर आणि उत्तर कर्नाटकातले रुग्ण येत आले आहेत. पहिले सिझेरियन माहेरच्या गावी, गर्भपिशवीचे ऑपरेशन मिरजेत, असे इथे सर्रास घडते. प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे असतो, सोनोग्राफी असते, औषधांची बिले असतात. कोणती भूल दिली याची नोंद असलेला भुलीचा कागद मात्र जुन्या दवाखान्यातच राहिलेला. खरे तर भूलतज्ज्ञाला तोच सर्वांत आधी हवा असतो. मागच्या ऑपरेशननंतर कारण न कळलेला ताप किंवा कावीळ झाली असेल, तर हॅलोथेन पुन्हा देत नाहीत. तसे काही झाले नसले तरी दोन वेळांत निदान तीन महिन्यांचे अंतर ठेवतात.

ऑपरेशननंतर डोळे पिवळे दिसले की घरचे 'भूल बाधली' म्हणतात. हा दोष बहुतांश वेळा चुकीचा असतो. रक्तदाब फार घसरणे, जंतुसंसर्ग, पित्तनलिकेतला खडा, क्षयाची किंवा अन्य औषधे, आधीच अंगात भिनत असलेली दूषित पाण्यातली हिपॅटायटिस ए अथवा ई, ही कारणे कितीतरी जास्त आढळतात. भुलीमुळे झालेल्या यकृतदाहाची एकच पक्की तपासणी नाही. बाकीची कारणे वगळूनच निदान करावे लागते. तोवर झाडपाल्याचा रस पाजू नये, कारण काही वनस्पती स्वतःच यकृताला अपाय करतात.