तो, ती आणि ‘ते’: ‘बॉइज डोन्ट क्राय’च्या मागची गोष्ट

ब्रँडन टीनाविषयी मराठीत एक साधं वाक्य लिहायचं म्हटलं तरी आधी ठरवावं लागतं, ‘आला’ लिहायचं की ‘आली’? इंग्रजीत नावावर भागवून वेळ मारून नेता येते. आपल्याकडे क्रियापदच सगळं बोलून जातं. या लेखात ‘आला’ आहे, कारण तो स्वतःला पुरुष म्हणवत होता. त्याच्या हयातीत आणि नंतरही बरीच वर्षं, त्याच्याबद्दल लिहिणाऱ्या बहुतेकांनी ‘आली’च लिहिलं. १९९९चा ‘बॉइज डोन्ट क्राय’ हा सिनेमा त्याच्यावर आहे.

ब्रँडनचा जन्म १२ डिसेंबर १९७२चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी लिंकन इथला. कागदोपत्री मुलगी; नाव टीना, आडनाव ब्रँडन. ब्रँडन हे तिकडे मुलाचंही नाव असतं, म्हणून मोठेपणी त्याने आडनावच नाव म्हणून लावलं. आखूड केस, मुलाचे कपडे आणि मैत्रिणींना भेटवस्तू देण्याची भारी हौस. त्या भेटींसाठी त्याने खोट्या सह्यांचे चेक वटवले. हे झाकून त्याला संत करण्यात अर्थ नाही, कारण पुढचं सगळं त्या चेकपासूनच सुरू झालं.

१९९३च्या अखेरीस तो फॉल्स सिटी या, पाचेक हजार वस्तीच्या गावाकडे राहायला आला. तिथे मित्र मिळाले, प्रेयसी मिळाली. डिसेंबरात चेकच्या प्रकरणात अटक झाली आणि त्याला महिलांच्या कोठडीत ठेवलं गेलं. स्थानिक वर्तमानपत्राने अटकेच्या बातमीत त्याचं जन्मनाव छापलं. छोट्या गावात एवढं पुरतं.

नाताळच्या आदल्या रात्री जॉन लॉटर आणि टॉम निसेन या त्याच्याच दोन मित्रांनी त्याचे कपडे उतरवून प्रेयसीला ‘बघ’ म्हणून दाखवलं. नंतर त्याला गाडीतून नेऊन त्याच्यावर बलात्कार केला. धमक्यांना न जुमानता ब्रँडन तक्रार द्यायला गेला. तिथल्या काउंटीच्या शेरीफने, म्हणजे साधारण जिल्ह्याच्या पोलिसप्रमुखाने, घेतलेला जबाब टेपवर आहे. त्यात गुन्ह्यापेक्षा ब्रँडनच्या शरीराची आणि मुलींबरोबर फिरण्याचीच चौकशी जास्त. त्याच्या घरच्यांशी बोलताना शेरीफने त्याच्यासाठी ‘इट’ हा शब्द वापरला. आपल्या तीन लिंगांतलं तिसरं: ते. आरोपी कोण हे ठाऊक असूनही अटक झाली नाही. तक्रार झाल्याचं मात्र आरोपींना कळलं. ३१ डिसेंबरला हम्बोल्ट गावाजवळच्या एका घरात दोघांनी ब्रँडनला मारलं. तो २१ वर्षांचा होता. त्याच घरात लिसा लॅम्बर्ट आणि फिलिप डिव्हाइन यांचाही खून झाला.

निसेनला जन्मठेप झाली, लॉटरला १९९६मध्ये फाशीची शिक्षा. ब्रँडनच्या आईने काउंटीवरही दावा लावला. त्यातला हिशेब वाचण्यासारखा आहे. खालच्या न्यायालयाने मानसिक यातनांसाठी ८०,००० डॉलर धरले; मग ८५ टक्के दोष खुन्यांचा म्हणून, आणि १ टक्का हलगर्जी खुद्द ब्रँडनची म्हणून कपात केली. अंत्यसंस्काराच्या खर्चाचे सहा हजारांवर डॉलर मिळवूनही हातात उरले सतरा हजारांच्या आसपास. तो एक टक्का कुठून मोजला असेल? २००१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली आणि शेरीफच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले.

सिनेमाची सुरुवात मात्र १९९४मधल्या एका लेखातून झाली. दिग्दर्शिका किम्बर्ली पीअर्स तेव्हा कोलंबिया विद्यापीठात सिनेमा शिकत होती. अमेरिकी यादवी युद्धात पुरुषवेशात वावरलेल्या एका हेर स्त्रीवर तिचं काम चाललं होतं. न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात ब्रँडनवरचा, पत्रकार डॉना मिंकोविट्झचा दीर्घ लेख वाचला आणि तिने हेराचा विषय सोडला. ती फॉल्स सिटीला गेली, खटल्याला बसली, लोकांशी बोलली. सुमारे २० लाख डॉलरांत, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लरीत, सिनेमा झाला. ब्रँडन साकारणाऱ्या हिलरी स्वँकला मिळालेलं मानधन ३,००० डॉलर. २०००मध्ये ऑस्करही मिळालं. पुरुषाच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं, ही गंमत तेव्हा फारशी कुणाला खटकली नाही. आज खटकते, आणि ही भूमिका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) नटाला का नाही, असा प्रश्नही विचारला जातो.

माझ्या मते त्याहून मोठी खोट दुसरीच आहे. सिनेमातल्या त्या घरात फिलिप डिव्हाइन नाहीच. २२ वर्षांचा, कृष्णवर्णीय, एका पायाने अपंग असलेला हा तरुण कथेतून साफ वगळला गेला. पटकथा आटोपशीर व्हावी म्हणून पात्रं गाळतात हे मान्य, पण खून झालेला माणूस गाळायचा?

मूळ लेखाचंही तसंच. मिंकोविट्झने ब्रँडनला, स्वतःचं समलैंगिक असणं न स्वीकारू शकलेली मुलगी ठरवलं होतं. २०१८मध्ये, चोवीस वर्षांनी, तिने त्याबद्दल त्याच नियतकालिकात जाहीर माफी मागितली.

२०१९मध्ये हा सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी घेतला गेला. लिंकनमधल्या कबरीवर मात्र अजून जन्मनावच आहे, आणि खाली तीन शब्द. पहिले दोन ‘मुलगी’ आणि ‘बहीण’. तिसरा ‘फ्रेंड’, ज्याला इंग्रजीत लिंग नसतं.