हरित परिसर आणि विद्यार्थ्यांची जाणीव : सातारा-सांगलीची पार्श्वभूमी

सातारा-सांगली भागातल्या बऱ्याच महाविद्यालयांच्या फाटकाशी आता हिरव्या रंगातली एक पाटी असते. परिसर प्लास्टिकमुक्त आहे, झाडांना क्यूआर कोड लावले आहेत, छतावर सौर पॅनेल आहेत, मागच्या बाजूला गांडूळखताचे हौद आहेत, असं ती सांगते. पाटी अलीकडची, गेल्या आठ-दहा वर्षांतली. तिच्यामागचं काम मात्र बरंच जुनं आहे. या सगळ्यातून मुलांच्या मनात पर्यावरणाविषयी नेमकं काय उतरलं, हे पाहायचं तर आधी काम आलं, कित्येक वर्षांनी विषय आला आणि महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या परिषदेच्या श्रेणीसाठीची मोजणी सगळ्यात शेवटी आली, हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

राबून शिकण्याची परंपरा इथल्या वाचकाला समजावून सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेची काले इथली १९१९ची सुरुवात, १९२४चं साताऱ्यातलं वसतिगृह, बोधचिन्हातला वड आणि ‘कमवा आणि शिका’ हे सगळ्यांना पाठ आहे. वसतिगृहातली मुलं शेतात राबत होती तेव्हा त्या कामाला ‘पर्यावरण’ हा शब्द कुणी लावला नव्हता. शिक्षणाचा खर्च भागावा आणि श्रमाची लाज जावी, एवढाच हेतू होता. पण ज्या मुलानं भाजीच्या वाफ्याला स्वतः पाणी धरलंय, त्याला पाण्याचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि हे काम वसतिगृहाबाहेर पडलं. दोन वर्षांत २४० तास आणि गावात राहून एक निवासी शिबिर, हा तिचा साचा अजून टिकून आहे. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यात शिबिर म्हटलं की उतारावर पाणी अडवणारे सलग समतल चर खणायचे, किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. १९८०च्या दशकात खानापूर तालुक्यात येरळेच्या काठी दुष्काळग्रस्तांनी वाळूच्या पैशांतून बळीराजा धरण उभं केलं. त्याच दशकात, १९८५ साली, सागरेश्वरचं माणसांनी लावलेलं वन अभयारण्य झालं. आपल्या भागात पर्यावरणाचा प्रश्न पाण्याच्या आणि उघड्या डोंगराच्या रूपानं आला. पुस्तकातली व्याख्या नंतर आली.

ती ज्या निकालानं आणली त्याची पहिली तारीख २२ नोव्हेंबर १९९१. एका जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा असं सांगितलं. अंमलबजावणी रेंगाळली, पुन्हा आदेश निघाले, आणि २००३च्या सुमारास पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम लागू झाला. आठ घटक, ५० तासिका आणि त्यांतल्या पाच क्षेत्रकार्यासाठी. गुणांची विभागणी ७५ लेखी आणि २५ क्षेत्रकार्य. आपल्याकडे कला, वाणिज्य, विज्ञान सगळ्यांना दुसऱ्या वर्षाला हा पेपर आला आणि मुलांच्या तोंडी तो कायमचा ‘पर्यावरणाचा पेपर’ झाला.

त्या पेपरचे प्रकल्प अहवाल मी काही वर्षं तपासले आहेत. कास पठार, कृष्णेचं प्रदूषण, साखर कारखान्याची मळी, असे तीन-चार विषय फिरून फिरून यायचे, आणि झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीचा अहवाल मिळायचा हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दोष मुलांना देता येत नाही. एका शिक्षकाकडे तीनेकशे मुलं असली, तर प्रत्येकाला नदीवर नेणार कोण? तरीही एक अहवाल आठवणीत राहिला. जत तालुक्यातल्या एका मुलीनं उन्हाळ्याचे दोन महिने वहीत फक्त एवढंच लिहिलं होतं : टँकर कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, घरी किती घागरी मिळाल्या. शेवटी निष्कर्ष नव्हता. तिच्या तोंडी परीक्षेत प्रश्न मी विचारायचे होते, पण बराच वेळ तीच सांगत होती आणि मी ऐकत होतो.

इथे ‘जाणीव’ या शब्दाकडे थोडं पाहायला हवं. १९७७ साली तिबिलिसी इथं पर्यावरण शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिनं या शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. जाणीव ही त्यांतली पहिली पायरी आहे. महाविद्यालयीन उपक्रमांचा परिणाम पाहताना आपण प्रश्नावली वाटतो, ‘प्लास्टिक घातक आहे का?’ असं विचारतो आणि होकार मोजून जाणीव वाढली असं लिहितो. ओला-सुका कचरा वेगळा करायचा हे ठाऊक असणं आणि खोलीत दोन डबे ठेवणं यांत तीन पायऱ्यांचं अंतर आहे.

आता मुख्य गुंता. २०१७च्या मध्यावर नॅकच्या मूल्यांकनाची नवी चौकट आली. सात निकष, एकूण १००० गुण; सातवा निकष संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रमांचा, त्याला १०० गुण. सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं, कचरा व्यवस्थापन, सायकल, वाहनांना मर्यादित प्रवेश, प्लास्टिकबंदी हे सगळं त्यात आलं. त्याबरोबर तीन शब्द आले : हरित परीक्षण, पर्यावरण परीक्षण आणि ऊर्जा परीक्षण. कर्मचारी खोलीत तिन्हींना मिळून ‘ग्रीन ऑडिट’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

ऊर्जा परीक्षण म्हणजे काय हे स्पष्ट आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१चा आहे, त्याखाली प्रमाणित परीक्षक असतात, बिलं आणि मीटर समोर असतात. पर्यावरण परीक्षणाचं मूळ उद्योगांत आहे. १९९२च्या अधिसूचनेनं कारखान्यांना दरवर्षी पर्यावरण परीक्षण अहवाल देणं बंधनकारक केलं. पुढच्याच वर्षी दुरुस्ती होऊन ‘परीक्षण अहवाला’च्या जागी ‘पर्यावरण विवरणपत्र’ असा शब्द आला. आपल्याकडचे साखर कारखाने ३० सप्टेंबरपर्यंत भरतात तो पाच नंबरचा नमुना हाच. म्हणजे कायद्यानं ज्या कामाला परीक्षण म्हणणं सोडून दिलं, ते नाव पंचवीसेक वर्षांनी महाविद्यालयांकडे आलं. हरित परीक्षणाला तर असा कायद्याचा आधारही नाही. त्यामुळे ज्यानं त्यानं आपापला अर्थ लावला, आणि सगळ्यात सोपा अर्थ होता झाडं मोजणं.

झाडं मोजावीतच. पण यादीत गिरिपुष्प एक आणि उंबर एक. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ, गुलमोहर, निलगिरी ही सगळी बाहेरची झाडं करंज, जांभूळ, अर्जुन, ताम्हण या देशी झाडांच्याच रांगेत. उंबराच्या फळावर पक्षी, वटवाघळं आणि किडे जगतात. गिरिपुष्पाखाली काय वाढतं हे पाहायला कुणी वाकत नाही. आकडा तोच, त्यामागचं जीवन वेगळं. हिरवळीचंही तसंच. जिथं गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो, तिथल्या आवारात लॉन हा हरित परिसराचा पुरावा म्हणून फोटोत येतो. ते बोअरच्या पाण्यावर जगतं. माझ्या मते हे नोंदवायलाच हवं.

साताऱ्याच्या मुलांना तर याचं उत्तर घराशेजारीच आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत कास पठार आहे. कास कशासाठी प्रसिद्ध? जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत येणाऱ्या रानफुलांसाठी. तिथं दाट झाडी नाही, आणि असती तर ती फुलं नसती. माण-खटाव आणि आटपाडीकडची माळरानंही अशीच. लांडगा, खोकड, चंडोल यांचं ते घर आहे, मेंढपाळांचं चराऊ रान आहे, पडीक जमीन नव्हे. असं असताना पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या माळावर सुबाभळीचे बीजगोळे टाकायला मुलांना नेलं जातं. मुलं प्रामाणिकपणे जातात, उन्हात राबतात आणि ‘जिथं झाड नाही तिथं निसर्ग नाही’ असं शिकून परत येतात. उपक्रम जाणीव घडवतात हे खरंच आहे. कधी कधी चुकीची जाणीवही घडवतात.

परीक्षण कुणी करायचं, हा यातला दुसरा वाद. बाहेरची संस्था नेमणाऱ्यांचं म्हणणं असं, की प्रमाणपत्राला वजन हवं आणि आपलं आपण तपासणं बरोबर दिसत नाही. हिशेबाच्या बाबतीत तो मुद्दा मान्यच करावा लागेल. पण बाहेरची माणसं दोन दिवस येतात, जिओटॅग केलेले फोटो घेतात, बांधीव अहवाल देतात, आणि तो प्राचार्यांच्या कपाटात जातो. मुलांना त्यातलं काही कळत नाही. याउलट वसतिगृहातल्या चार मुलांना एक लिटरचं भांडं आणि घड्याळ देऊन गळक्या नळाखाली बसवा. भांडं तासात भरलं, तर त्या एका नळातून दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर पाणी जातं. हा गुणाकार त्यांनी स्वतः केलेला असतो. दुसऱ्या दिवशी वॉशर बदला म्हणून रेक्टरकडे तेच जातात. तिबिलिसीच्या पाचही पायऱ्या त्या एका भांड्यात येतात असं मला वाटतं, आणि बाहेरच्या परीक्षकाला बोलवायचंच असेल तर त्यानं या मुलांच्या नोंदी तपासाव्यात.

छताचा हिशेबही तसाच करता येतो. १००० चौरस मीटरचं छत आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर छतावर पाच लाख लिटर पाणी पडतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, तेव्हा दहा वाघिणींत मिळून साधारण एवढंच पाणी होतं. ती गाडी सुमारे ३४० किलोमीटर गेली. सांगली-मिरजेच्या मुलांनी ती गाडी भरताना पाहिली होती. त्यानंतर वर्गात पाणी साठवण्याची आकृती काढताना पूर्वीसारखी कुजबुज होत नसे.

त्याच वर्षी राज्याची वृक्षलागवड मोहीम सुरू झाली : १ जुलै २०१६ला दोन कोटी, पुढच्या वर्षी चार, मग तेरा, आणि २०१९ साली ३३ कोटींचं उद्दिष्ट. महाविद्यालयांना वाटून दिलेले आकडे, खड्डे, रोपं, फोटो आणि अपलोड. खड्डा खणणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली हे मोहिमेचं श्रेय. मात्र जुलैत लावलेल्या रोपाला एप्रिलमध्ये पाणी घालायची वेळ येते तेव्हा परीक्षा चालू असते, आणि मे महिन्यात मूल गावी असतं. रोप जगवण्याची जबाबदारी तीन वर्षांच्या पदवीला कशी बांधायची, याचा विचार मोहिमेत नव्हता. काही ठिकाणी प्रवेशाच्या वेळी एक झाड दत्तक आणि निकालाच्या वेळी ते झाड दाखवायचं, अशी पद्धत शिक्षकांनी आपणहून पाडली. ती टिकली तिथं रोपंही टिकली.

मग ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५चा महापूर त्या मुलांनी घरच्यांकडून ऐकला होता, हा त्यांनी अंगावर घेतला. पाणी ओसरल्यावर खोरी, घमेली आणि बादल्या घेऊन ती गाळ काढायला उतरली, आणि गाळाबरोबर नाल्यांत अडकलेलं प्लास्टिक त्यांनीच उपसलं. आदल्या वर्षी जून २०१८पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी होती आणि तिच्यावर निबंधस्पर्धाही झाल्या होत्या. निबंधानं जे झालं नाही ते त्या आठवड्यात झालं. त्यानंतर वर्गात वेगळे प्रश्न येऊ लागले : पूररेषा कुठे आहे, तिच्या आत बांधकामाला परवानगी कशी मिळते, धरणांतून विसर्ग कधी आणि कुणाच्या आदेशानं होतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा खरंच इथवर येतो का? शेवटच्या प्रश्नावर आजही जाणकारांत एकमत नाही, आणि वर्गात तसं सांगणं हेही शिक्षणच आहे. २०२१ साली पाणी पुन्हा चढलं तेव्हा काही मुलांनी पावसाच्या आणि पातळीच्या रोजच्या नोंदी आधीपासून ठेवल्या होत्या.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर, २०२३ साली, पदवीसाठी पर्यावरण शिक्षणाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. सहा महिन्यांच्या जुन्या पेपरऐवजी आता चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत, आणि क्षेत्रकार्य त्यांचा भाग आहे. मूल्यांकनाची पद्धतही बदलते आहे. श्रेणी जाऊन ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘मान्यता नाही’ अशी विभागणी करण्याचा निर्णय २०२४च्या सुरुवातीला जाहीर झाला. हरित परीक्षणाच्या फाइलींचं पुढे काय होणार ही चर्चा कर्मचारी खोल्यांत चालू आहे. क्षेत्रकार्याच्या तासांत काय बसवायचं, हे मात्र बऱ्याच अंशी शिक्षकाच्या हातात आहे. नळाखालचं भांडं, आवारातल्या देशी-विदेशी झाडांची वेगवेगळी यादी, कृष्णेच्या घाटावरची पातळीची वही, माळावरच्या गवतांची नोंद, हे सगळं त्यांत बसतं.