पूर्वजांचा कागदोपत्री शोध : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपले मूळ गाव कोणते, पणजोबा कधी वारले, त्यांना भाऊ किती होते, जमीन केव्हा विभागली गेली, अशा प्रश्नांची उत्तरे जुन्या कागदांतून शोधून देण्याचे काम आमचे कार्यालय करते. काम सोपविण्यापूर्वी हा शोध कसा चालतो आणि त्यातून काय हाती लागू शकते, हे ग्राहकांना ठाऊक असावे म्हणून हे पत्रक दिले जाते.

शोध आजच्या पिढीपासून सुरू होतो आणि एकेक पिढी पक्की करत मागे जातो. एखाद्या नामांकित सरदारापासून सुरुवात करून त्याची शाखा आपल्यापर्यंत आणून देण्याची विनंती आमच्याकडे वरचेवर येते, परंतु ती आम्ही स्वीकारत नाही, कारण आडनाव सारखे असणे हा नात्याचा पुरावा नव्हे. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर मुळात हुद्द्यांची नावे असून लगतच्या दोन गावांतील पाटलांचा एकमेकांशी काहीही संबंध नसू शकतो.

शेतकरी कुटुंबाच्या बाबतीत सर्वांत भरवशाचा कागद म्हणजे वारसाचा फेरफार, अर्थात जमिनीच्या दप्तरातील नावबदलाची नोंद, होय. खातेदार मयत झाल्यावर त्याचे नाव कमी करून वारसांची नावे लावताना तलाठी मृत्यूची तारीख, वारसांचे मयताशी असलेले नाते आणि बहुधा त्यांची वयेही लिहीत असे, त्यामुळे एका नोंदीत दोन आणि कधी तीन पिढ्या एकत्र सापडतात. हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा असल्याने हे फेरफार साधारणपणे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतच मागे नेतात. जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत अनेक गावांतील सर्व्हे नंबर बदलून गट नंबर पडले, म्हणून आजच्या सातबाऱ्यावरील क्रमांकावरून जुना फेरफार थेट मिळत नाही आणि आधी जुना सर्व्हे नंबर शोधावा लागतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलींची नावे बहुधा नसतात, तेव्हा नोंदीत नाव नाही म्हणून घरात मुलगीच नव्हती, असे कृपया समजू नये.

जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे गावच्या दप्तरातील जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, पाहिला जातो. त्यातील जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत असून जन्माच्या नोंदीत बाळाचे नावच नसते, केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव असते. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण दिलेले असल्यामुळे पटकी (कॉलरा), १८९६ नंतरचा प्लेग किंवा १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी एकाच घरातील चारसहा माणसे महिन्याभरात कशी नेली, ते या रुक्ष नमुन्यावरूनच समजते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख मात्र जपून वापरावी. १ जून ही तारीख अनेकदा गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने घातलेली असते.

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातील पिढीजात पुरोहितांच्या, वह्या हे फार मोलाचे साधन आहे. गाव व आडनाव सांगितल्यावर उपाध्ये ग्राहकाच्या घराण्याची नामावळी काढून दाखवितात आणि तीत यात्रेला आलेल्या पूर्वजाने सांगितलेली बाप, भाऊ, मुले व कधीकधी बायकांचीही नावे मिळतात. या वह्या त्यांची खासगी मालमत्ता असल्याने तेथे ग्राहकाने स्वतः आमच्यासोबत यावे, असा आमचा आग्रह असतो.

त्याहून मागे जायचे तर घराण्याकडे वतन (वंशपरंपरागत हुद्दा व त्याचे उत्पन्न) किंवा इनाम (सरकारने बक्षीस दिलेली जमीन वा उत्पन्न) असणे जवळजवळ आवश्यक ठरते. १८५२ च्या कायद्यान्वये झालेल्या इनाम चौकशीत दावेदारांनी दिलेल्या कैफियती (लेखी निवेदने) आणि वंशावळी, तसेच पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) येथे उपयोगी पडतात. या कागदांत ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. साल अरबी शब्दांत असते : ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर व हजार मिळून शुहूर सन (मराठी कागदांतील जुनी कालगणना) ११८१, आणि त्यात ५९९ मिळवून येणारे इसवी वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे जून १७८० पासून, सुरू झालेले. जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेसाठी ६०० मिळवावे लागतात. वंशावळीतील बऱ्याच चुका या एका वर्षाच्या फरकातून होतात.

जात पडताळणीसाठी कागद हवे असल्यास तसे आरंभीच सांगावे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा विशेष महत्त्वाचा मानला जातो आणि त्यानुसार शोधाची दिशा बदलते. आम्ही नोंद शोधून तिचे लिप्यंतर करून देतो. प्रमाणित प्रत संबंधित कार्यालयातूनच घ्यावी लागते आणि निर्णय जात पडताळणी समितीचा असतो.

पहिल्या भेटीला येताना घरातील जुने सातबारे, खरेदीखते, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नपत्रिका आणि वयस्कर नातेवाइकांकडून लिहून घेतलेली नावे आणावीत. कागदांच्या छायाप्रती घेऊन मूळ प्रती त्याच दिवशी परत केल्या जातात. आकारणी कामाच्या दिवसांवर होते व नोंद न सापडल्यासही ती लागू राहते. मात्र कोणती दप्तरे पाहिली आणि कोणत्या वर्षांची पाने गहाळ अथवा वाळवीने खाल्लेली आढळली, याचा लेखी अहवाल त्या वेळीही दिला जातो. दोन पिढ्यांमधील दुवा कागदाने सिद्ध होत नसेल तर वंशावळीत तेथे तुटक रेघ काढली जाते, आणि ग्राहकाच्या सांगण्यावरून ती सलग केली जात नाही.