डू-वॉप : गाणं आधी, नाव नंतर

डू-वॉप म्हणजे १९५० च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः कृष्णवर्णीय तरुणांच्या गटांनी निरर्थक बोलांची साथ घेत गायलेलं समूहगान. त्याच्या आठवणी निघाल्या की एक चित्र हटकून पुढे येतं : न्यूयॉर्कमधला रस्त्याचा कोपरा, दिव्याचा खांब, चार-पाच पोरं आणि वाद्य एकही नाही. चित्र खोटं नाही, पण अर्धंच आहे. पोरं तालीम करायची ती कोपऱ्यावर, जिन्यात, शाळेच्या संडासात, कारण तिथे आवाज घुमतो. रेकॉर्डिंगला मात्र पियानो, ड्रम, सॅक्सोफोन अशी वाद्यं बहुतेकदा असायची. वाद्यांविना गायलेल्या एलपी (मोठ्या तबकड्या) निघाल्या त्या १९६० च्या दशकात, आणि त्याही मुख्यतः संग्राहकांच्या हौसेखातर.

नावाचा घोळ याहून मोठा. १९४९ मध्ये एका व्यापारी साप्ताहिकाने कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीचं 'रेस रेकॉर्ड्स' हे नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' केलं. डू-वॉप गाणारे गट त्याच यादीत मोडत. 'डू-वॉप' हे बोल १९५५ च्या सुमारास गाण्यांत ऐकू येतात, पण ते तराण्यातल्या 'दिर दिर तोम'सारखे, निव्वळ बोल म्हणून. प्रकाराचं नाव म्हणून हा शब्द छापून आलेला दिसतो तो १९६१ मध्ये, शिकागोच्या एका वृत्तपत्रात. तो रुळला आणखी दहा वर्षांनी, न्यूयॉर्कच्या एका रेडिओ निवेदकामुळे. म्हणजे १९५४ साली हे गाणाऱ्या पोराला आपण डू-वॉप गातो याचा पत्ताच नव्हता. काही जुन्या गायकांना हा शब्द थट्टेचा वाटतो. मला त्यांचं म्हणणं पटतं. वर्षानुवर्षं घोटलेल्या सुरावटीला तिच्यातल्या सर्वांत निरर्थक अक्षरांवरून ओळखायचं, हा न्याय अजबच.

आठवणींचा व्यापार मात्र नावासाठी थांबला नाही. १९५९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये 'जुनं ते सोनं' थाटाचं पहिलं संकलन आलं. त्यातली कित्येक गाणी जेमतेम चार-पाच वर्षांची होती! न्यू हेवनच्या एका चर्चच्या तळघरात ध्वनिमुद्रित झालेलं १९५६ चं एक गाणं १९६० मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत परतलं. त्याच सुमारास टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी स्टेशनातलं एक दुकान दुर्मीळ ४५ आरपीएम (छोट्या, एकेका गाण्याच्या) तबकड्यांना किती पैसे देऊ, याची यादी भिंतीवर लावत असे. शाळकरी पोरं ती वाचून घरचे माळे धुंडाळत. त्यांत गोरी, विशेषतः इटालियन वंशाची पोरं बरीच होती. कृष्णवर्णीय तरुण श्रोता तोवर 'सोल' या नव्या संगीतप्रकाराकडे वळला होता.

१९६९ नंतर जुन्या गटांचे पुनर्मीलन-जलसे सुरू झाले आणि मंचावर नेमकं कोण आहे हा वाद पेटला. त्याचं मूळ जुनं आहे. १९५८ मध्ये एका मॅनेजरने अख्खा गट काढून टाकला आणि दुसऱ्याच गटाला तेच नाव दिलं. नावाची मालकी त्याच्याकडे होती, गायकांकडे नाही. पुढे एकाच नावाचे दोन-तीन गट गावोगाव फिरू लागले. अखेर अमेरिकेतल्या तीसहून अधिक राज्यांनी कायदे केले : मूळ गटातला किमान एक गायक मंचावर नसेल आणि नावाचा नोंदलेला हक्कही नसेल, तर ते नाव लावून जाहिरात करता येत नाही.

तोवर 'डू-वॉप' हा शब्द गाण्याबाहेरही पोचला होता. न्यू जर्सीतल्या वाइल्डवूडच्या किनाऱ्यावर १९५०-६० च्या दशकांतली मोटेल आहेत : निऑनच्या पाट्या, तिरकी छपरं, पोहण्याच्या तलावाकाठी प्लास्टिकचे माड. १९९० च्या दशकापासून त्या बांधकामालाही डू-वॉप म्हणतात.