दुय्यम-तिय्यम खलनायक खेळण्यांत कसे आले

१९७३ साली ‘सुपरबॉय’ मासिकाच्या १९७व्या अंकात टिर नावाचा एक खलनायक आला. त्याच्या एका हाताच्या जागी बंदूक होती. ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’ या सुपरहिरोंच्या गटाच्या कथांचे कट्टर वाचक सोडले तर त्याचं नाव कुणाच्या लक्षात राहायचं कारण नव्हतं. आणि तरीही १९८६मध्ये केनर कंपनीने ‘सुपर पॉवर्स’ या खेळण्यांच्या मालिकेत त्याची फिगर, म्हणजे हातपाय हलणारी छोटी बाहुली, काढली. जगप्रसिद्ध शत्रू बाकी असताना टिरची वर्णी का लागली, हा प्रश्न अशी जुनी खेळणी जमवण्याच्या छंदातल्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवातीला खलनायक खेळण्यांत येत असे तो नायकाला मारायला कुणीतरी हवं म्हणून. आयडियल कंपनीच्या कॅप्टन ॲक्शन या नायकाला असाच एक शत्रू दिला गेला. मग १९७२मध्ये मेगो कंपनीने आठ इंची, कापडी कपडे घातलेल्या सुपरहिरोंची मालिका सुरू केली. जोकर, पेंग्विन, रिडलर आले ते अपेक्षितच होतं, कारण दूरचित्रवाणीमुळे ते घराघरांत पोहोचले होते. पण त्यांच्या जोडीला मिस्टर मिक्सिझपिटलिकही आला! पाचव्या मितीतून येणारा हा बुटका उपद्व्यापी स्वतःचं नाव उलटं उच्चारलं की परत जातो. मेगोने त्याचे दोन चेहरे काढले, एक तोंड उघडं असलेला आणि एक कुत्सित हसणारा. हे दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी ठेवायला मिळणं हा आजही संग्राहकांसाठी मोठा आनंद असतो.

खरा बदल १९८४मध्ये झाला. केनर आणि मॅटेल एकाच वर्षी समोरासमोर उभ्या राहिल्या. केनरकडे डीसी या कॉमिक्स प्रकाशकाची पात्रं, मॅटेलकडे त्याच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलची. मॅटेलसाठी मार्व्हलने ‘सिक्रेट वॉर्स’ हे बारा अंकी कॉमिकच काढलं. केनरने डार्कसाइडला मुख्य शत्रू केलं आणि त्याच्यामागोमाग देसाद, कालिबाक, मँटिस, स्टेपनवुल्फ अशी त्याची सगळी फौज आली. ही चित्रकार जॅक कर्बी यांनी सत्तरच्या दशकात उभी केलेली दुनिया. तिची मूळ मासिकं लवकरच बंद पडली होती. खेळण्यांच्या निमित्ताने डीसीने कर्बी यांच्याकडून या पात्रांची रेखाटनं नव्याने करून घेतली आणि त्यांना रॉयल्टी दिली. कॉमिक्सच्या धंद्यात चित्रकारांच्या वाट्याला काय येत असे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. मला तरी देसादची फिगर बघताना आधी हेच आठवतं.

स्टेपनवुल्फ मूळ कथेत अगदी थोडा वेळ दिसतो. त्याची फिगर आधी दुकानात आलीच नाही. इतर फिगरच्या वेष्टनांवरचे खरेदीचे पुरावे कापून टपालाने पाठवले की ती घरी येई. नंतर ती कार्डावर लावून दुकानात विक्रीला आली. २०१७मध्ये हाच स्टेपनवुल्फ मोठ्या पडद्यावर ‘जस्टिस लीग’चा मुख्य खलनायक झाला, तेव्हा त्याची ती जुनी फिगर जपून ठेवलेल्या लोकांना काय वाटलं असेल!

आता टिरकडे येऊ. खेळण्याचा साचा पोलादाचा असतो आणि तो बनवणं फार महाग पडतं. म्हणून नवं पात्र घेताना ‘हे किती प्रसिद्ध आहे’ याच्या बरोबरीने ‘याच्या अंगात काही करामत आहे का’ हेही बघितलं जातं. ‘सुपर पॉवर्स’च्या प्रत्येक फिगरला हात किंवा पाय दाबले की होणारी एक हालचाल होती. शस्त्राचा हात असलेला टिर त्या चौकटीत चपखल बसतो. पण तो आला मालिकेच्या शेवटच्या फेरीत. मालिका उतरणीला लागली की दुकानात आधीचाच माल पडून असतो, दुकानदार नवी मागणी कमी नोंदवतो आणि शेवटची फेरी मुळातच थोडी बनते. वर दुकानदाराला जाणाऱ्या मिश्र खोक्यात नायकांच्या प्रती जास्त, अनोळखी खलनायकाची एखाद-दुसरी. टिरसारख्यांचं दुर्मीळपण इथून येतं. ‘सिक्रेट वॉर्स’मधल्या कन्स्ट्रिक्टरचंही तेच झालं. मनगटातून पोलादी वेटोळी सोडणाऱ्या या भाडोत्री गुंडाची फिगर शेवटी निघाली आणि युरोपातच विकली गेली. अमेरिकेतली मुलं तिच्यापासून वंचितच राहिली.

या काळातली मला सर्वांत आवडणारी वस्तू मात्र अर्जेंटिनाची आहे. केनरने ‘सुपर पॉवर्स’मध्ये रिडलर काढलाच नाही. अर्जेंटिनात पासिपा या कंपनीने ग्रीन लँटर्नचाच साचा घेऊन त्यावर वेगळा रंग चढवला आणि ‘एल असेर्तिहो’ म्हणजे रिडलर म्हणून विकला. नीट पाहिलं की चेहरा, केस, खांदे सगळं ग्रीन लँटर्नचं आहे हे कळतं. बदललाय तो फक्त रंग. ‘सुपर पॉवर्स’ जमवणाऱ्यांच्या यादीत ही फिगर अगदी वरच्या ओळीत असते.

नव्वदच्या दशकात तर दारच उघडलं, आणि ते उघडलं एका कराराने. १९९३मध्ये टॉय बिझ कंपनीतला ४६ टक्के हिस्सा मार्व्हलला मिळाला आणि बदल्यात टॉय बिझला मार्व्हलची पात्रं रॉयल्टी न देता कायमची वापरता येऊ लागली. पात्रामागे पैसे मोजायचे नसतील तर कुठलंही पात्र काढायला हरकत कसली? शिवाय एकाच साच्यावर रंग बदलून दोन-तीन जण उभे करता येत. एक्स-मेन आणि एक्स-फोर्सच्या मालिकांत सेन्याका, किलस्प्री, स्लेबॅक असे खलनायक आले. यातल्या काहींचं मासिकातलं आयुष्य इतकं थोडं होतं, की आज त्यांची ओळख त्या खेळण्यामुळेच उरली आहे. या छंदाचा जीव मला इथे सापडतो. कथेने सोडून दिलेल्या पात्राला हातात धरता येईल असं शरीर इथे मिळालं.

पुढे गिऱ्हाईकच बदललं. लहानपणी ही खेळणी खेळलेली मुलं मोठी झाली, स्वतःच्या पैशांनी घेऊ लागली, आणि त्यांना पात्रांचा इतिहास तोंडपाठ होता. मॅटेलने ‘डीसी युनिव्हर्स क्लासिक्स’मध्ये टिर पुन्हा घडवला तो याच लोकांसाठी. २०१७च्या लेगो बॅटमॅन चित्रपटाच्या पाकिटबंद मिनीफिगर्समध्ये इरेझर आला. १९६६चा हा खलनायक, डोकं पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरासारखं. आत कोण आहे हे न दाखवणाऱ्या पाकिटातून तो निघाला, की कितीतरी जणांनी आधी ‘हा कोण?’ म्हणून शोध घेतला असेल.

आणि स्टिल्ट-मॅन. १९६५मध्ये ‘डेअरडेव्हिल’च्या आठव्या अंकात आलेला, लांबणाऱ्या यांत्रिक पायांवर चालणारा चोर. एवढ्या उंच फिगरला स्वतंत्र खोकं देऊन विकणं परवडलं नसतं. ‘मार्व्हल लेजेंड्स’ या फिगरच्या मालिकेने २००५मध्ये गॅलॅक्टसपासून तुकड्यांची पद्धत सुरू केली होती: प्रत्येक खोक्यात मुख्य फिगरसोबत एका मोठ्या फिगरचा एक भाग, सगळी खोकी घेतली की ती पूर्ण. २०२१मध्ये हॅसब्रोने स्टिल्ट-मॅन असाच आणला. एखादं खोकं राहून गेलं तर तो अपुराच राहतो. म्हणून आधीपासून कपाटात असलेल्या नायकाचं खोकं लोक पुन्हा घेतात, नायक बाजूला ठेवतात आणि आतला पायाचा तुकडा काढून आधीच्या तुकड्याला खट्कन बसवतात.