विमान वळताना जड का होतं

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून ट्रेनिंगची छोटी विमानं उडतात हे आता मुतगा-सुळेभावीच्या शिवारात कुणाला नवीन राहिलेलं नाही. खालून बघताना एखादं विमान एकदम एका अंगावर कलतं, गोल फिरतं आणि परत होतं त्याच दिशेला तोंड करून सरळ होतं, तेव्हा बांधावरचा माणूस म्हणतो, पोरगं खेळायलंय वर. खेळ नसतो तो, धडा असतो. त्याला स्टीप टर्न म्हणतात, म्हणजे विमान 45 अंश किंवा जास्त कलवायचं आणि उंची न सोडता पूर्ण 360 अंशांचा फेरा मारायचा.

माझी भाची पायलट व्हायला शिकतेय. परवा सुट्टीला आली तेव्हा सांगत होती, "मामा, वळायला गेलं की विमान खाली बसायलंय बघ, सर म्हणतात ओढ, आणि ओढलं की वर पळायलंय." सगळं विज्ञान या एका वाक्यात आलं की!

गाडी वळते ती रस्त्याच्या जिवावर. चोर्ला घाटात ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, टायर डांबराला धरतात म्हणून बस वळते. हवेत धरायला काय आहे? बऱ्याच जणांना वाटतं शेपटीचं रडर होडीच्या सुकाणूसारखं विमान वळवत असेल, पण रडरचं मुख्य काम नाक वळणाच्या रेषेत ठेवायचं, वळवतात ते पंख. लिफ्ट, म्हणजे पंखाला हवेतून मिळणारी उचल, पंखाला काटकोनात असते, विमान सरळ असलं की सगळी वर, कललं की तीच तिरकी होते, मग तिचा एक वाटा विमानाला आत ओढतो, वळण म्हणतात ते हेच, आणि वर तोलून धरायला उरलेला वाटा कमी पडतो. म्हणून भाचीचं विमान खाली बसतं. ती तूट भरायला योक, म्हणजे पायलटच्या हातातलं स्टिअरिंग, मागे ओढायचा, लिफ्ट वाढवायची, लिफ्ट वाढली की ड्रॅग, म्हणजे हवेचा अडसर, वाढतो आणि वेग पडतो, म्हणून 30 अंशांच्या पुढे जाताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायची दांडी, पण थोडा पुढे सारायचा.

जोंधळ्याच्या रानात ज्यांनी गोफण फिरवली आहे त्यांच्या हाताला हे माहीतच आहे, दगड तोच पण फिरायला लागला की दोरी ताणते. विमानात किती ताणते ते बघा: 30 अंशांला भार 1.15 पट, 45 ला 1.41 पट आणि 60 ला थेट दुप्पट. 60 किलोचं माणूस 45 अंशांच्या वळणात सीटवर 85 किलोचं होतं, हात उचलायला जड जातो. यात विमान केवढं आणि वेग किती याचा काही संबंध नाही, उंची न सोडता 60 अंश कललं की छोटं सेसना असो नाहीतर जंबो, भार दुप्पटच. वेगाने बदलतो तो फेऱ्याचा आकार. 95 नॉटने, म्हणजे ताशी साधारण 176 किलोमीटरने, 45 अंशांत वळलं तर त्रिज्या साधारण 240 मीटर येते आणि फेरा अर्ध्या मिनिटात पुरा.

आता स्टॉल. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. पंख समोरच्या हवेला फार तिरका झाला, साधारण 15-16 अंशांच्या पुढे, की वरच्या अंगावरून वाहणारी हवा पंखाला सोडून देते आणि लिफ्ट ढासळते. भार वाढला की पंख जास्त तिरका धरावा लागतो, म्हणून स्टॉलचा वेगही वाढतो, भाराच्या वर्गमूळाइतका. सरळ उडताना 50 नॉटला स्टॉल होणारं विमान 45 अंशांत 60 च्या आसपास आणि 60 अंशांत 71 नॉटलाच स्टॉल होतं, इंजिन मस्त चालू असताना! उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायचं शेवटचं वळण असतं तिथं हे जिवावर बेततं. रेष ओलांडून पुढे गेलं म्हणून विद्यार्थी वळण आवळतो, जमीन जवळ म्हणून जास्त कलवायची भीती वाटते, मग रडर दाबून नाक फिरवतो आणि योक ओढतो, आतला पंख आधी सुटतो आणि सावरायला खाली उंचीच नसते.

म्हणून सराव उंचावर. सांबरा समुद्रसपाटीपासून साधारण 2500 फुटांवर, त्यामुळे खाली 3000 फूट मोकळे हवे असतील तर अल्टिमीटरने, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणाऱ्या मीटरने, 5500 दाखवायला पाहिजे. आधी आजूबाजूला दुसरं विमान नाही ना ते बघून घ्यायचं.

शिकवणाऱ्याचं खरं कसब डोळ्यांचं आहे असं मला वाटतं. नवखं पोरगं मीटरला चिकटतं, सुई हलेपर्यंत विमान शंभर फूट खाली गेलेलं असतं. चांगला इन्स्ट्रक्टर सरळ मीटर झाकतो आणि म्हणतो बाहेर बघ, नाक क्षितिजाला कुठं कापतंय ते धरून ठेव. यात एक खोच आहे, विद्यार्थी डाव्या सीटवर बसतो आणि नाकाचा मध्य त्याच्या उजवीकडे असतो, त्यामुळे डाव्या वळणात नाक वर गेल्यासारखं दिसतं आणि उजव्या वळणात खाली. बिचारा डावीकडे वळताना नाक दाबून उंची घालवतो आणि उजवीकडे ओढून चढतो. मी भाचीला विचारलं, वर कुठल्या बाजूला पळतं? म्हणाली, उजवीकडेच की!

शिवाय बाहेरचा पंख मोठ्या वर्तुळात, म्हणून जास्त वेगाने फिरतो, त्याला लिफ्ट जास्त मिळते आणि विमान आपोआप अजून कलायला बघतं, ते हलकं धरून ठेवावं लागतं. नाक पडलंच तर नुसतं ओढायचं नाही, आधी कल कमी करायचा, मग नाक उचलायचं. उलट केलं तर गिरकी आवळत जाते आणि वेग भराभर वाढतो. सरळ व्हायला सुरुवात पण ठरल्या दिशेच्या 20-22 अंश आधीच करायची.

काल रात्री तिचा फोन आला, आवाजावरूनच कळलं. फेरा पुरा होताना विमानाला खालून हलका दणका बसला म्हणे, खड्ड्यातून गेल्यासारखा. उंची आणि वळण दोन्ही नीट धरलं तर विमान आपणच ढवळलेल्या हवेतून परत जातं, तो दणका त्याचाच. "उजवीकडचा होता मामा," एवढंच दोनदा सांगितलं तिनं.